लाँड्रीतल्या बैठकीची यादी

११ फेब्रुवारी

चिमणे,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहून शाई घालवत नाही. मुद्द्याचं आधी. परवा कोणीतरी लाँड्रीच्या दारावर सरकारी कागद चिकटवून गेला. असा चिकटवला की दाराच्या दोन्ही फळ्या एकमेकींना धरून बसल्या आणि सकाळी मला दार उघडेना. बाहेर हॉस्पिटलची गाडी चादरी घेऊन उभी, ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नाही, आणि मी आतून फटीत उलथनं घालून सरकार खरवडतेय.

अर्धा कागद फाटला. उरलेला वाचायला अख्खी दुपार गेली. मला अक्षरं येतात ती तुझ्याच पहिलीच्या पुस्तकातून आलेली, आणि त्या पुस्तकात कमळ होतं, बदक होतं, 'प्रयोजनार्थ' नव्हतं. मला समजलं ते एवढंच की आपली प्रार्थनेची बैठक बेकायदा आहे, किंवा होणार आहे, किंवा होऊ नये म्हणून आपण काहीतरी करायचं आहे. खाली पत्ता तुझ्या ऑफिसचा. म्हणून तुला विचारते. एवढं शिकून तू तिथे जाऊन बसलीस ती म्हातारीच्या दाराला खळ लावायला का?

फोन करू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने घालते. मागे त्यावरून तीन महिने अबोला झाला होता आपला.

चष्मेवाला तुझी चौकशी करत होता. त्याने मला नवीन चष्मा करून दिलाय. त्यातून सगळं स्वच्छ दिसतं, म्हणजे लाँड्री किती घाण आहे तेही. बरं नाही केलं मेल्याने.

तुझी आजी


१९ फेब्रुवारी

ती. आजीस नमस्कार.

तुझं पत्र ऑफिसात उघडलं ही चूक झाली. उलथन्यापाशी आले आणि इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या बाई विचारायला लागल्या, कोणाचं गं? म्हटलं, आजीचं. काय लिहिलंय ते मात्र सांगितलं नाही.

आता नीट सांगते. नवीन कायदा झाला आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं प्रार्थनेसाठी एका जागी नेहमी जमत असतील तर त्यांनी नोंदणी करायची. अर्जात पंथाच्या प्रमुखाचं नाव लागतं, जागेचा पत्ता लागतो आणि पंचवीस सज्ञान सभासदांची नावं, पत्ते, सह्या लागतात. मुदत १५ मार्च. नोंदणी नसेल तर जागेला कुलूप. जागा म्हणजे लाँड्री, आजी. बैठकीला लागलेलं कुलूप चादरींनाही लागेल.

यात घाबरण्यासारखं काही नाही. माझ्या टेबलावर बाहेरच्या देशांचे अहवाल येतात. कुठे सरकारचाच एक धर्म असतो आणि बाकीच्यांनी हळू बोलायचं. कुठे सरकार म्हणतं आमचा कुठलाच धर्म नाही, आणि सगळ्यांच्या दाराच्या चाव्या मात्र स्वतःच्या कमरेला. कुठे नोंदणीचा विषयच काढत नाहीत. आपलं त्या सगळ्यांच्या मधलं आहे. चार धर्मांना मान्यता आहे, बाकीच्यांनी नोंद करायची. नोंद झाली की उलट संरक्षण मिळतं. उद्या कोणी लाँड्रीवर दगड मारला तर पोलिसांना यावंच लागेल.

तू फक्त पंचवीस सह्या गोळा करून पाठव, बाकीचं मी भरते. अर्ज माझ्याच टेबलावरून पुढे जातात. सह्या निळ्या शाईत हव्यात.

गुडघा कसा आहे? बॉयलरपाशी उभी राहू नकोस.

तुझी चिमणी


२७ फेब्रुवारी

चिमणे,

गुडघा जिथे होता तिथेच आहे. बॉयलरपाशी मी उभी राहायची नाही तर कोणी, तुझ्या मंत्र्याने?

तुझं पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं. तिथे कागद वाचायची पद्धत नाही, पण गोष्ट सगळ्यांची होती. सुट्टीचा दिवस, बॉयलर थंड, सगळे चादरींच्या गाठोड्यांवर बसलेले. मी विचारलं, "आपला प्रमुख कोण?" मग चष्मेवाला म्हणाला, "जी सगळ्यांवर ओरडते ती." सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, "ओरडण्यावर असेल तर हॉस्पिटलचा ड्रायव्हर आपला प्रमुख." शाळेच्या मोठ्या बाईसुद्धा हसल्या. त्या किती कमी हसतात तुला ठाऊक आहे. सरकारी शाळा चालवून चालवून त्यांना वाटतं हसायलाही वरून परवानगी आणावी लागते.

तर उत्तर असं. प्रमुख नाही. आपल्यात जो येतो तो बसतो. ज्याला आतून बोलावंसं वाटलं तो बोलतो. कोणालाच नाही वाटलं तर तासभर सगळे गप्प बसतात आणि उठून घरी जातात. यात प्रमुखाला काय काम? दारात उभा राहून गप्प बसा म्हणून सांगू दे त्याने?

आणि पंचवीस नावं तर नाहीच नाही. आपल्यात आलेली माणसं मोजत नाहीत आणि आलेल्यांची नावं लिहीत नाहीत. तू चार वर्षांची होतीस, गाठोड्यावर उभी राहून बोट दाखवत मोजायला लागलीस, आणि मी तुझं बोट धरून खाली केलं होतं. तेव्हा कारण सांगितलं नाही. आताही विचारू नकोस.

संरक्षणाचं म्हणशील तर ज्याला माझं रक्षण करायचं आहे त्याला माझं नाव कशाला लागतं? रस्त्यात कोणी पडलं तर आपण आधी नाव विचारतो आणि मग उचलतो का? आणि जगभरच्या सरकारांना देवाचा एवढा पुळका आला कुठून? आमच्या नळाला दिवसाआड पाणी येतं, त्याची नोंद घ्या म्हणावं.

तू तिकडे कुठे बसतेस? एवढं मोठं शहर, आपली चार माणसं असतीलच. कोणाबरोबर बसतेस ते लिही. याआधीही तीन पत्रांत विचारलं होतं, तिन्ही वेळा तू गुडघ्यावर आलीस.

तुझी आजी


१० मार्च

ती. आजीस नमस्कार.

तू नाही म्हणालीस म्हणजे नाही, हे मी चार वर्षांची असल्यापासून ओळखून आहे. म्हणून भांडत नाही. मुदतीला पाच दिवस राहिलेत, पण लाँड्रीचं काय करायचं ते मी बघितलं आहे. काम झालं समज. कुलूप लागणार नाही. कसं ते विचारू नकोस. तूही मला विचारू नकोस म्हणालीस, फिटंफाट.

बढतीच्या परीक्षेत पास झाले. आता मला स्वतःचं कपाट आहे आणि त्याची किल्ली आहे. कपाटात ठेवायला अजून काही नाही, म्हणून डबा ठेवते.

बसायचं म्हणशील तर वेळ मिळेल तशी बसते. इथलं आयुष्य धावपळीचं आहे.

सोबत गुडघ्याचा पट्टा पाठवतेय. शोभेला ठेवू नकोस, घाल.

तुझी चिमणी


६ एप्रिल

चिमणे,

पट्टा मिळाला, घातला. या पत्रात यापुढे गोड काही नाही. पाणी पिऊन वाच.

काल बैठक चालू असताना एक माणूस आला. पायात नवे करकरीत बूट, काखेत फाइल. दार ढकलून आत येऊन म्हणाला, "नोंदणीची पडताळणी."

मी म्हटलं, "कोणी केली नोंदणी?"

"तुम्हीच की, आजी. ही काय तुमची सही."

आणि उभ्या उभ्या यादी वाचायला लागला. मोठ्याने, शाळेत हजेरी घेतात तशी. एकेक नाव घ्यायचा, मान वर करून बघायचा, खूण करायचा. चष्मेवाल्याचं नाव आलं तर तो सवयीने 'हजर' म्हणून बसला. मग त्याचा चेहरा बघवेना.

सातवं नाव शाळेच्या मोठ्या बाईंचं. सरकारी नोकर चार मान्य धर्मांतलाच हवा, बाहेरचा सापडला की घरी, हे तुला मी सांगायला नको. बाई उठल्या. पायात चपला घातल्या आणि गेल्या. आज सकाळी रस्त्यात समोरून येत होत्या, मला बघून पलीकडच्या बाजूला गेल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा.

अठरावं नाव स्वेटरवालीचं. ती थंडीत गेली, चिमणे. तुझी परीक्षा होती म्हणून कळवलं नव्हतं. त्याने तिचं नाव दोनदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारणार तेवढ्यात मी म्हटलं, "अजून जोरात बोल रे, ती बरीच लांब आहे."

यादी त्याच्या हातातून ओढून घेतली, दोनदा वाचली आणि मगच परत दिली. या नव्या चष्म्यातून सगळं दिसतं. अक्षर तुझं आहे. अक्षराला अशी लांब शेपूट काढायला तुला मी शिकवलेलं नाही, मोठ्या बाईंनी शिकवलं. त्यांनी शिकवलेल्या अक्षरात तू त्यांचं नाव लिहिलंस.

आता जे सांगायचं नव्हतं ते ऐक. मी सात वर्षांची होते. आमच्या गल्लीत आपल्या लोकांच्या घरांवर दगड यायचे. एक साहेब आला. फार गोड बोलायचा, मला गालाला हात लावून गेला. म्हणाला, तुमची घरं कुठली ते लिहून द्या, प्रत्येक घराला पोलीस ठेवतो. गल्लीत लिहिता येणारा एकच, माझा बाप. दोन दिवस मान खाली घालून यादी करत होता. कोणाचं घर राहायला नको म्हणून लोक रांग लावून नावं देत होते. मग पोलीस आले. बरोबर यादीतल्या घरी आले, एक घर चुकलं नाही. बापये गाडीत घालून नेले. काही चार वर्षांनी परत आले, काही आले नाहीत. बाप आला नाही. आईने माझी पाटी चुलीत घातली आणि मला शाळेतून काढलं. तेव्हापासून आपण मोजत नाही आणि लिहीत नाही. मीही लिहीत नव्हते, तुझं पहिलीचं पुस्तक घरात येईपर्यंत.

माझा बाप मूर्ख होता. पण यादीत पहिलं नाव त्याने स्वतःचं लिहिलं होतं.

तुझी यादी मी वरून खाली वाचली आणि खालून वर वाचली. पंचवीस नावं. तुझं कुठे आहे?

आजी


१३ एप्रिल

आजी,

तीन वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

नोकरीला लागताना फॉर्मवर धर्माचा रकाना होता. त्यात चार चौकटी. पाचवी नव्हती. मी पहिलीत खूण केली. दर आठवड्याला ऑफिसच्या बायकांबरोबर मोठ्या प्रार्थनागृहात जाते. सगळ्या उठल्या की उठते, सगळ्या बसल्या की बसते. सुरुवातीला फार वाईट वाटायचं. मग सवय झाली, आणि सवय झाली याचंही वाईट वाटेनासं झालं. तू विचारायचीस कुठे बसतेस. मी कुठेच बसत नाही, आजी.

म्हणून यादीत माझं नाव नव्हतं. नाव घातलं असतं तर टेबल गेलं असतं, आणि टेबल गेलं असतं तर लाँड्री कोणी वाचवली असती, असं मी स्वतःला पटवलं. तुझी सहीही मीच केली, बाकीच्यांच्याही. नावं आठवून लिहिली. डोळे मिटून एकेक गाठोडं समोर आणलं, कोण कुठल्या गाठोड्यावर बसतं तसं लिहीत गेले. स्वेटरवाली खिडकीपाशी बसायची. मला खरंच वाटत होतं की मी तुम्हाला सगळ्यांना वाचवतेय. तुझ्या बापालाही तेच वाटलं असेल का?

आता पुढचं. ३० एप्रिलला आमच्याकडच्या सगळ्या फायली गृहखात्यात जातात. तिथून नावं खात्याखात्यांत फिरतात, शिक्षणखात्यातही. त्याआधी दोनच वाटा आहेत.

एक म्हणजे तू इथे यायचंस आणि म्हणायचंस, सही माझीच आहे, मी अर्ज मागे घेते. फाइल थांबेल. मला काही होणार नाही. पण मागे घेतलेल्या अर्जाचे कागद ऑफिसच्या कपाटात राहतात, यादीसकट. उद्या कोणीही काढून बघू शकतं.

दुसरी वाट, अर्जावरची सही खोटी निघाली तर अर्ज मुळात झालाच नाही असं धरतात आणि सगळे कागद, नक्कल न ठेवता, परत करतात. यादी तुमच्या हातात येईल. पण खोटी सही कोणी केली ते सांगावं लागेल.

बाईंकडे जाऊ नकोस. मी त्यांना लिहीन. काय लिहायचं ते माहीत नाही.

चिमणी


१८ एप्रिल

चिमणे,

शिव्या द्यायलाच कागद घेतला होता. पहिल्या ओळीत दोन लिहिल्याही, मग खोडल्या. ते काळं दिसतंय ते तेच.

तुझ्या चार चौकटींचं वाचलं आणि मला माझंच आठवलं. तुला नोकरी लागली तेव्हा मी गल्लीभर सांगत सुटले, नात सरकारात लागली, नात सरकारात लागली. हॉस्पिटलच्या ड्रायव्हरलासुद्धा पेढे दिले, जो माणूस मला दोन शब्द धड बोलत नाही त्याला. पण फॉर्मवर काय लिहिलंस हे तुला एकदाही विचारलं नाही. विसरले नव्हते. उत्तर माहीत होतं म्हणून विचारलं नाही. तेव्हा तो रकाना आपण दोघींनी मिळून भरला आहे, एकटीने मिरवू नकोस.

माझ्या बापाचं विचारलंस. हो, त्याला तेच वाटलं असणार. मूर्ख म्हटलं मी त्याला, पण साठ वर्षं मी त्याच्यावर रागावले आहे ती तो आला नाही म्हणून. यादीचं नुसतं निमित्त.

आता कामाचं. बैठकीबद्दल मी जन्मात खोटं बोललेले नाही. हॉस्पिटलशी बोलले आहे, डाग तुमच्याकडूनच आला होता म्हणून. पण बैठकीबद्दल नाही. तरी तुझ्यासाठी येईन. तुझ्या साहेबासमोर उभी राहून सही माझीच म्हणेन, लागलं तर त्याच्यासमोर तशीच शेपूटवाली सही काढून दाखवीन. चार दिवस दुपारी बसून तुझी ती शेपूट गिरवतेय. बरी जमायला लागली आहे. देवाचं म्हणशील तर त्याचं माझं मी बघून घेईन, आमची जुनी ओळख आहे. चष्मेवाला सोबत येतो म्हणतो. त्याचं नाव यादीत आहे तरी येतो म्हणतो, हे लक्षात ठेव.

पण मग यादी तिथल्या कपाटात राहील. यादी राहू द्यायची की तुझी नोकरी राहू द्यायची, हे मी ठरवणार नाही. मी ठरवलं तर तू जन्मभर मला धरशील, आणि माझा जन्म तेवढा शिल्लक नाही. तुझा हात, तुझं अक्षर, तू ठरव. कार्डावर नुसतं 'ये' लिही, मी गाडीत बसते. नाही लिहिलंस तर बसत नाही.

दोन्हीपैकी काहीही केलंस तरी जेवत जा. मागच्या फोटोत गळ्याची हाडं दिसत होती.

तुझी आजी


२९ एप्रिल

ती. आजीस,

'ये' लिहिलेलं कार्ड चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. पेटीपर्यंत दोनदा गेले. दुसऱ्यांदा तर कार्डाचं टोक पेटीच्या तोंडात होतं. आणि मला तू दिसलीस, लाँड्रीच्या टेबलावर वाकून माझी खोटी सही गिरवणारी. तुला लिहायला मी शिकवलं ते यासाठी नव्हतं. कार्ड बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या मॅडमच्या खोलीत गेले. फाइल समोर ठेवली आणि म्हटलं, "या अर्जावरची सही माझ्या आजीची नाही. मी केली आहे. बाकीच्या सह्याही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुझी आजी? म्हणजे तू यांच्यातली?"

"हो."

"तुझ्या फॉर्मवर तर वेगळंच आहे."

"तोही मीच भरला होता."

त्यांनी फाइल जवळ ओढली. मग म्हणाल्या, "अगं, तीन दिवसांनी फाइल गेली असती. कोणाला काही कळलं नसतं. आजच सांगायची काय गरज होती?"

म्हटलं, "तीन दिवसांनी फाइल गेली असती म्हणूनच."

त्यांनी नियमाचं पुस्तक काढलं. एकदा वाचलं, पान उलटून पुन्हा वाचलं. मला वाटलं, नियम माझ्या वाचण्यात चुकला. मग म्हणाल्या, "एवढं चांगलं वाचता येतं तुला, आणि करतेस काय!" त्यांनी स्वतःच्या हाताने पिना काढल्या, यादी आणि तो पडताळणीचा कागद वेगळा केला, पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं. म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत राजीनामा आणून दे. चौकशी लावायला हवी खरी. पण चौकशीच्या कागदात कोणाकोणाच्या सह्या ते लिहावं लागतं, आणि माझा हात आज दुखतोय." जाताना दारातून हाक मारून विचारलं, "आजी काय करते तुझी?" म्हटलं, "लाँड्री आहे." म्हणाल्या, "हं. म्हणून अशी."

आजी, म्हणजे कशी, ते मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

सोबत ते पाकीट. मी उघडलेलं नाही. कपाटाची किल्ली परत दिली, डबा घरी आणला.

आता नोंदणी नाही, म्हणजे दहाची अट आहेच. दहा माणसं जमलेली सापडली तर कुलूप. आणि दहाच्या आत राहायचं तर माणसं मोजावी लागणार. यावर मला काही सुचत नाही. मी नुसतं बिघडवून ठेवलं.

तिकडे येऊ का? खोली महिनाअखेर सोडायची आहे. पण त्या सगळ्यांच्या समोर कुठल्या तोंडाने येऊ?

तुझी चिमणी


९ मे

चिमणे,

आहे त्याच तोंडाने ये. दुसरं कुठून आणणार?

पाकीट पोचलं. मी ते बैठकीत सगळ्यांसमोर उघडलं आणि कापड कापायच्या कात्रीने यादीच्या पट्ट्या केल्या, एकेक नाव वेगळं. टेबलावर पसरून ठेवल्या आणि म्हटलं, आपापलं घ्या आणि काय वाट्टेल ते करा. कोणी फाडलं, कोणी खिशात घातलं. चष्मेवाल्याने आपलं चष्म्याच्या डबीत ठेवलंय, म्हणतो, एवढ्या चांगल्या अक्षरात माझं नाव कोणी लिहिलं नव्हतं. त्याला अक्कल कमी आहे, पण माणूस चांगला. शेवटी स्वेटरवालीची पट्टी उरली. ती मी घेतली. तिला आता कुठलं खातं काय करणार?

मोठ्या बाई आल्या नव्हत्या. त्यांची पट्टी मी त्यांच्या दाराखालून आत सरकवली. शाळा सुटली नाही त्यांची, अजून जातात रोज. पण बैठकीला आलेल्या नाहीत आणि मला बोललेल्या नाहीत. तुझ्यावर राग आहे आणि मी तुझी आजी म्हणून माझ्यावरही. त्यांचा राग बरोबर आहे. तू आलीस की त्यांच्या दारात जाऊन उभी राहा. उघडलं तर उघडलं. नाही उघडलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. मी तुझ्या वतीने बोलायला जाणार नाही.

आता तुझ्या दहाच्या अटीचं. हॉस्पिटलने जुनी लोखंडी स्टुलं भंगारात काढली होती. ड्रायव्हरला म्हटलं, नऊ टाक माझ्या दारात. गाठोडी सगळी मागच्या खोलीत ढकलली, नऊ स्टुलं मांडली. स्टुलं भरली की दार लावायचं. नंतर येईल त्याने चष्मेवाल्याच्या दुकानात जायचं, तिथे त्याने स्वतःची मांडली आहेत. माणसं मोजायची नाहीत हे खरं, पण स्टुलं मोजायला कोणाच्या बापाची चोरी? कोणी कुठे बसलं ते अजूनही कोणी बघत नाही.

परवा तो बूटवाला पुन्हा आला. दारात उभा राहून बोटाने मोजत होता. नऊ भरली. तोंड पडलं त्याचं. मग म्हणाला, "आत येऊन नीट बघतो." मी म्हटलं, "या की. पण तुम्ही आत आलात की आम्ही दहा होतो, आणि मग तुम्हाला आम्हाला कुलूप लावावं लागेल, तुमच्यासकट." बिचारा एक पाय आत, एक बाहेर, तसाच उभा. शेवटी उंबऱ्याबाहेर बसला, बूट काढून. नवे बूट चावतात म्हणाला. तासभर बसला होता. आतलं कोणी काही बोललं नाही, त्यानेही काही विचारलं नाही. उठताना म्हणाला, पुढच्या महिन्यात पुन्हा येईन पडताळणीला. म्हटलं, ये, पण बाहेरच बस.

हे सगळं किती दिवस चालेल माहीत नाही. उद्या दहाची पाच करतील. मग पाच स्टुलं. एकावर आणतील तेव्हा बघू, एकटं बसायला मला कधीच अडचण नव्हती.

तू ये. काम भरपूर आहे. बॉयलरपाशी उभं राहायला माणूस हवंय, माझा गुडघा आता खोटं बोलायला लागला आहे, बरा आहे म्हणतो आणि नसतो. बैठकीला यायचं असेल तर इतरांसारखी वेळेत ये. उशीर झाला तर माझं स्टूल देणार नाही, चष्मेवाल्याकडे जावं लागेल. तिथे तो मधेच घोरतो.

आणि पत्राच्या शेवटी तुला जे विचारायचं होतं पण विचारलं नाहीस, ते माझ्या लक्षात आलं आहे. बाकीच्यांनी माफ केलं की नाही ते ज्याचं त्याला विचार, एकेकाच्या घरी जाऊन. माझं कागदावर मिळणार नाही. गाडी संध्याकाळी पोचते. मी जेवायला थांबेन.

तुझी आजी